परसबाग बारमाही कशी ठेवावी?

ज्यांच्या शेतांत पांच एकर ऊस उभा आहे, त्यांच्या घरीं मेथीची जुडी आठवड्याच्या बाजारांतून यावी, हें आम्हांस नेहमीं विलक्षण वाटे. परंतु दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःची हकीकत सांगणें बरें. महसूल खात्यांत आम्हीं तीस वर्षें कारकुनी केली. गांवोगांवच्या पिकांचे आंकडे उतरून काढले. पण घरामागच्या एका गुंठ्यांत स्वतः एक पानहि कधीं पिकविलें नव्हतें.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच मृगांत आम्हीं भेंडी, गवार, दोडका, काकडी सर्व एकाच दिवशीं लाविलें. श्रावणांत इतकी भाजी आली, कीं शेजाऱ्यांनींहि हात जोडले. दिवाळीपर्यंत वेल वाळले, वाफे ओस पडले व आम्हीं पुन्हां बाजाराची वाट धरिली. तेव्हां आमच्या कुटुंबानें विचारिलें, "अहो, वर्षाचा स्वयंपाक एका दिवशीं रांधून ठेवतां येतो काय?" या प्रश्नानें जें शिकविलें, तेंच येथें सांगावयाचें आहे.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा. तिचे चार भाग करावे. मृग लागतांच, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, पहिल्या भागांत भेंडी व गवार टोकावी. दोडका, कारलें व दुधी कुंपणालगत लावून वर चढवावीं. त्याच वेळीं गादीवाफ्यावर वांगी व मिरचीचें बीं टाकावें आणि महिना-सव्वा महिन्यानें रोपें दुसऱ्या भागांत लावावीं. तिसऱ्या भागांत दसरा-दिवाळीच्या दरम्यान मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर पेरावी. मेथी सुमारें महिन्यानें काढणीस येते. म्हणून सारा वाफा एकदम न पेरतां दर दहा दिवसांनीं हातभर रुंदीचा पट्टा पेरावा. धणे रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या. दोहोंतूनहि रोप निघतें.

चौथा भाग तोंवर शेणखत घालून राखून ठेवावा. जानेवारीच्या अखेरीस थंडी ओसरूं लागली, कीं त्यांत भेंडी, गवार व चवळी लावावी. चैत्र-वैशाखांत घरास आधार होतो तो याच भागाचा. तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी येथें वळवावें. साबणाचें पाणी घालूं नये. झाडांच्या बुंध्याशीं पाला आंथरल्यास ओल टिकते. पुढील वर्षीं चारहि भागांतील पिकें फिरवावीं.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडूं लागल्या, कीं तें झाड उपटून टाकावें. हा केवडा रोग पांढरी माशी पसरविते. माव्यासाठीं ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळीं फवारावी.

गेल्या वैशाखांत आमची बाजाराची पिशवी केवळ कांदे-बटाट्यांसाठींच खुंटीवरून खालीं आली. वाचकांनीं प्रथमच सारा गुंठा हातीं न घेतां दोन वाफ्यांनीं आरंभ करावा. मात्र पेरणीची व पहिल्या तोडणीची तारीख वहींत अवश्य टिपावी. पुढचा पेरा केव्हां करावा, हें त्या वहीवरूनच कळतें. तीस वर्षें दुसऱ्यांच्या पिकांच्या नोंदी केल्या. स्वतःच्या वाफ्याची नोंद ठेवूं लागलों, तेव्हांच आमच्या ताटांत बाराहि महिने भाजी आली.