रबराचे पाय, खरी कळ

स्टंटसाठी स्वतंत्र ऑस्कर द्यायचं अकादमीनं अखेर ठरवलं. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून सुरुवात, आणि बाहुली हातात पडणार ती २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात. डेव्हिड लीच, चॅड स्टाहेल्स्की ही स्टंट करता करता दिग्दर्शक झालेली मंडळी त्यासाठी कधीची मागे लागली होती. उशिरा का होईना, झालं ते बरंच झालं. धास्ती एवढीच, की सगळ्यात उंच उडीला मत देऊन सदस्य मोकळे होतील.

नट खरोखरच विमानाला लटकला होता, ही बातमी तिकिटं खपवते. पण तेवढ्यानं प्रसंग पटतोच असं नाही. पटवण्याची कारागिरी वेगळी, आणि ती बघायची तर १९८८ चा ‘डाय हार्ड’ पुन्हा लावावा.

न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन. विमानातला शेजारी त्याला सांगतो, प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढायचे आणि गालिच्यावर पायाची बोटं मुठीसारखी आवळायची. लॉस एंजेलिसला बायकोच्या ऑफिसात पोहोचल्यावर हा तसं करून बघतो आणि नेमके तेव्हाच दरोडेखोर शिरतात. झालं! पुढचा सगळा सिनेमा स्वारी अनवाणी. एकाला लोळवून त्याचे बूट घ्यावेत, तर ते लहान. पुढे खलनायक काचांवर गोळ्या झाडायला लावतो आणि मॅक्लेनला त्याच तुकड्यांवरून पळावं लागतं. मग बाथरूममध्ये बसून तळव्यातल्या काचा उपसत, वायरलेसवर बाहेरच्या पोलिसाशी बोलणारा ब्रूस विलिस. हे सगळं सोसून झाल्यावर तो आग विझवायचा होज कमरेला बांधून गच्चीवरून उडी टाकतो. तसा हिसका बसला तर माणसाची कंबर जागेवर राहायची नाही. पण आपण हिशेब मांडत नाही, कारण दिग्दर्शक जॉन मॅक्टिअर्नन आपल्याला उसंतच देत नाही. मॅक्लेन खिडकी फोडून आत येतो न येतो, तोच वरचं होजचं चाक निखळून खाली जातं आणि त्याला पुन्हा खिडकीकडे फरफटत नेतं. अशक्य गोष्ट घडली, पण फुकटात नाही.

आणि गंमत ऐका. यातल्या काही दृश्यांत विलिसनं अनवाणी पायांसारखे दिसणारे रबरी पाय घातले होते. पाय खोटे, तरी कळ आपल्या तळव्यात उठते.

चौथ्या भागात, २००७ मध्ये, हाच विलिस उडत्या लढाऊ विमानाच्या पाठीवर उडी मारतो. तोवर त्याला काहीच होत नाही हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. मी तरी तेव्हा पॉपकॉर्नच्या तळाशी काय उरलंय ते बघत होतो.

दुसरी गोष्ट नकाशाची. कोण कुठे आहे आणि कुठून कुठे जायचंय, हे कळलं नाही तर कितीही गाड्या उडवा, नुसता धुरळा. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये जॉर्ज मिलरनं महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मध्यावर ठेवली. त्यामुळे मार्गारेट सिक्सेलनं भराभर कट मारले तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. संकलनाचं ऑस्कर तिला उगाच नाही मिळालं. राजामौलींच्या ‘आरआरआर’मधला पूलही असाच. एक घोड्यावर, दुसरा मोटारसायकलवर, मध्ये एकच दोर, खाली आगीत अडकलेलं पोर. भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी डोळे मिटून घ्यावेत असा प्रकार, पण बेत आधी खुणांनी ठरतो, आपल्याला कळतो, आणि मग आपणही त्यात सामील असतो.

टॉम क्रूझचं काय, असं कुणी विचारेलच. ‘मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट’साठी त्यानं विमानातून शंभरावर उड्या मारल्या आणि प्रसिद्धीत त्यांचाच गाजावाजा झाला. पण लंडनमध्ये एका छतावरून दुसऱ्यावर झेप घेताना त्याचा घोटा मोडला, आणि तरी तो उठून लंगडत पुढे गेला. तो शॉट सिनेमात तसाच आहे. माझं मत त्या लंगडण्याला.