दाराची कडी आणि माणसाचा हात

दार ही रोजच्या वापरातली वस्तू. पण तिचे भाग मोजू लागले म्हणजे शब्दांचे मोठे कुटुंबच बाहेर पडते. भिंतीत बसवतात ती चौकट. चौकटीची उभी लाकडे म्हणजे बाह्या, खालचे आडवे लाकूड म्हणजे उंबरा, आणि वरच्यावर गणपती कोरलेला असला की ती गणेशपट्टी. बिजागऱ्यांवर फिरते ती फळी. शिवाय कडी, कोयंडा आणि आतून अडसर.

येथे दोन नाती वेगळी ओळखावीत. कडी हा दाराचा भाग आहे, फाटक हा दाराचा प्रकार आहे. क्वचित एकच वस्तू दोन्ही नाती सांभाळते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या फळीत एक माणूस जाईल एवढी दिंडी आहे. ती स्वतः दार आहे आणि मोठ्या दाराचा भागही आहे. आणखी एक गंमत अशी की, बिजागरी दाराची आणि दार घराचे, तरी 'घराची बिजागरी' असे आपण म्हणत नाही. भाग ज्याच्या कामी येतो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मग सारे भाग मिळून पूर्ण वस्तू होते काय? न्याय-वैशेषिक म्हणतात, वस्त्र हे तंतूंहून वेगळे असून तंतूंत समवायाने राहते. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन म्हणतो, आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजेही नव्हे. त्या सर्वांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, एवढेच. वाद मोठा आहे. पण एकटा तंतू म्हणजे वस्त्र नव्हे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

व्यवहारात मात्र आपण भागाचे नाव पूर्णाला देतो. 'शंभर उंबऱ्यांचे गाव' म्हटले की उंबऱ्याआतली म्हातारीकोतारी, पोरेबाळे सगळी त्यात येतात. इंग्रजी कारखानदारीने मजुराला 'हँड' म्हटले. आपणही 'कामाला हात कमी पडले' म्हणतो. या शब्दात हातामागचा माणूस येत नाही. मजुरी हाताची ठरते, भूक मात्र पोटाला लागते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपण, बाळंतपण आणि कामावरची इजा, आणि १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने म्हातारपण हिशेबात आणले. ज्यांना असे संरक्षण आजही मिळत नाही, त्यांचा नुसता हातच मोजला जातो.

म्हणून भागाच्या नावाने पूर्णाला हाक मारावी. पण त्या नावाबरोबर माणूस आत येतो की उंबऱ्याबाहेर राहतो, हे पाहावे.