परिचारिका होऊन परदेशीं जातांना

शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलींपुढें आज जे व्यवसाय खुले आहेत, त्यांत रुग्णसेवेचा व्यवसाय एका बाबतींत निराळा आहे. इतर कित्येक विद्यांचें मोल देशाप्रमाणें बदलतें. परंतु ताप पाहणारा, जखम बांधणारा व धीर देणारा हात जगाच्या पाठीवर कोठेंही नेला, तरी त्याचें काम तेंच राहतें. म्हणूनच रिसोड, मालेगांव किंवा मानोऱ्याकडील एखादी मुलगी नर्सिंगची परीक्षा उत्तीर्ण झाली कीं, घरांत आनंदाबरोबर एक प्रश्नही येऊन उभा राहतो : ‘हिला परदेशीं पाठवावें काय ?’ मामा म्हणतात, पाठवा. आजी म्हणते, मुळींच नको. आणि शेजारचा गृहस्थ कोणा एजंटाचा पत्ता घेऊन येतो. या प्रश्नाचें उत्तर ज्या त्या घरानेंच द्यावयाचें आहे. तें ऐकीव गोष्टींवर न देतां माहितीवर दिलें जावें, एवढ्याचसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

परदेशगमन ही या व्यवसायांत नवी गोष्ट नव्हे. आधुनिक परिचर्येची जननी समजली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही इंग्रज स्त्री 1851 सालीं जर्मनींतील कैसरस्वर्थ येथें जाऊन हें काम शिकली. 1854 सालीं क्रिमियाच्या युद्धांतील जखमी शिपायांच्या सेवेसाठीं ती तुर्कस्तानांत गेली, आणि 1860 सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत तिच्या नांवाची परिचर्येची शाळा निघाली. आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर प्रवाह प्रथम उलट दिशेनें वाहत होता. डॉ. विल्यम वानलेस यांनीं 1894 सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें, व पुढें तेथें परिचारिकांचें शिक्षणही सुरू झालें. समुद्रापलीकडून आलेल्या अशा माणसांनीं ही विद्या आमच्या मुलींच्या हातीं दिली. विदर्भांत कमलाबाई होस्पेट या बालविधवेनें नागपूरच्या डफरिन रुग्णालयांत शिक्षण घेतलें, आणि वेणूताई नेने यांच्या सोबतीनें 1921 सालीं मातृसेवा संघ स्थापन केला. ज्या कामास समाज एके काळीं हलकें मानीत असे, त्यास या स्त्रियांनीं प्रतिष्ठा मिळवून दिली. आज पाश्चात्य राष्ट्रेंच आमच्या मुलींस बोलावीत आहेत, हा काळाचा फेरा लक्षांत घेण्याजोगा आहे.

हें बोलावणें कां येतें, तेंही पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें 2025 सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, 2023 सालीं जगांत सुमारें 2 कोटी 98 लाख परिचारिका व परिचारक होते, आणि तरीही आणखी 58 लाखांची उणीव होती. दर सातांपैकीं एक जण आपल्या जन्मदेशाबाहेर काम करीत होता. श्रीमंत देशांत माणसें दीर्घायुषी झालीं आहेत, वृद्धांची संख्या वाढली आहे, आणि त्यांची शुश्रूषा करण्यास तेथील तरुण पुरे पडत नाहींत. केरळच्या मुलींनीं ही संधी फार पूर्वीं ओळखली. महाराष्ट्र शासनानेंही फेब्रुवारी 2024 मध्यें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, व त्यांत रुग्णसेवेचाही समावेश आहे. मात्र मागणी ही पावसासारखी असते. इंग्लंडांत कांहीं वर्षें परदेशी परिचारिकांची भरती अतोनात झाली, आणि 2024 पासून ती पुष्कळच ओसरली. म्हणून दोन वर्षांपूर्वीं गेलेल्या मैत्रिणीचा अनुभव आज जसाच्या तसा लागू पडेल, असें कोणीं गृहीत धरूं नये.

आतां वाटेचे टप्पे क्रमानें सांगतों. पहिला टप्पा आपल्याच देशांतला आहे. बारावीनंतर तीन वर्षांचा जनरल नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम, किंवा चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम, यांपैकीं एक पुरा करावा लागतो. पदवीसाठीं बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. प्रवेश घेण्यापूर्वींच त्या संस्थेस भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं, हें पालकांनीं स्वतः तपासावें. मान्यता नसलेल्या संस्थेचें प्रमाणपत्र परदेशीं तर नाहींच, पण येथेंही चालत नाहीं. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्य परिषदेंत नांवाची नोंदणी करावयाची असते. ती झाल्यावरच मुलगी खऱ्या अर्थानें परिचारिका ठरते. परदेशची परिषद प्रथम हीच नोंदणी पडताळून पाहते.

येथें एक लहानशी वाटणारी, पण आमच्याकडे हटकून आडवी येणारी अडचण सांगितली पाहिजे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें, असा क्रम असतो. पासपोर्टावर तो निराळा होतो. आणि विवाहानंतर मधलें नांव व आडनांव दोन्ही बदलतात. कोठें ‘सुनीता’ची ‘सुनिता’ होते, तर कोठें जन्मतारीख शाळेंत एक व दाखल्यावर दुसरी निघते. परक्या देशांतील कारकुनास हीं दोन निराळीं माणसें वाटतात, आणि महिनेच्या महिने फुकट जातात. तेव्हां दहावीच्या प्रमाणपत्रावर नांव जसें छापलें गेलें, तसेंच तें सर्व कागदांवर राहील अशी काळजी शाळेंत असतांनाच घ्यावी.

दुसरा टप्पा भाषेचा. रोगी काय सांगतो हें ज्या परिचारिकेस नीट कळत नाहीं, तिच्या हातीं औषध देणें धोक्याचें आहे. म्हणून प्रत्येक देश भाषेची परीक्षा घेतो. इंग्लंडसाठीं आय. ई. एल. टी. एस. ही परीक्षा दिल्यास सरासरी 7 ची श्रेणी लागते. लेखनांत मात्र 6.5 चालते. ओ. ई. टी. नांवाची दुसरी परीक्षा खास वैद्यकीय क्षेत्रांतील लोकांसाठीं असते. जर्मनीस जाणाऱ्या मुलीस जर्मन भाषाच शिकावी लागते. तिच्या सहा पायऱ्या आहेत, आणि पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास सामान्यतः चौथी पायरी, म्हणजे बी-2, गांठावी लागते. मराठी माध्यमांतून शिकलेल्या मुलीनें यांत भिण्याचें कारण नाहीं. आपल्या लिपींत जसें लिहितों तसें बोलतों. जर्मन भाषाही बव्हंशीं तशीच वाचली जाते. उणीव असते ती बोलण्याच्या सवयीची, आणि सवय ही रोजच्या अभ्यासानें लागते; परीक्षेच्या आदल्या महिन्यांत ती विकत मिळत नाहीं.

तिसरा टप्पा त्या त्या देशाच्या व्यवसाय-परीक्षेचा. अमेरिकेंत एन्‌क्लेक्स नांवाची परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें. इंग्लंडची पहिली परीक्षा संगणकावर असते, व ती भारतांतही देतां येते; दुसरी प्रात्यक्षिक परीक्षा इंग्लंडांत गेल्यावर होते, आणि ती पार पडेपर्यंत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करतां येत नाहीं. पहिल्या परीक्षेंत औषधाच्या हिशोबाचा एक स्वतंत्र भाग असतो, याकडे गणिताचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींचें आम्ही लक्ष वेधतों. डॉक्टरनें 250 मिलिग्रॅम औषध सांगितलें आहे, आणि बाटलीवर ‘5 मिलिलिटरमध्यें 125 मिलिग्रॅम’ असें लिहिलें आहे. तर किती द्यावें? उत्तर 10 मिलिलिटर. हें त्रैराशिक सातवींतील मुलालाही सुटावें. परंतु रात्रीं तीन वाजतां, दमलेल्या डोळ्यांनीं तें करतांना दशांशचिन्ह एक घर सरकलें, तर औषध दसपट जातें. शाळेच्या वहींत जी एका गुणाची चूक, ती तेथें एका जिवाची होते.

आखाती देशांची वाट थोडी निराळी आहे. तेथें बहुतेक ठिकाणीं दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून नुकतीच उत्तीर्ण झालेली मुलगी लगेच जाऊं शकत नाहीं, आणि खोटें अनुभवपत्र जोडण्याचा मोह येथेंच उत्पन्न होतो. तीं पत्रें मूळ रुग्णालयाकडे पाठवून पडताळलीं जातात, आणि खोटेपणा उघडकीस आल्यास पुढची वाट कायमची बंद होते. भारत सरकारनें 2015 सालापासून असा नियम केला कीं, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिरात, इराक, लिबिया वगैरे अठरा देशांत नोकरीस जाणाऱ्या परिचारिकेनें, तिचा पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असो, परदेशगमनाची सरकारी परवानगी घेतलीच पाहिजे, व भरती शासनानें ठरवून दिलेल्या संस्थांच्या मार्फतच व्हावी. पर्यटकाच्या व्हिसावर या, मग पाहूं, असें जो सांगतो, तो मुलीला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ओढीत असतो.

हा नियम कां करावा लागला, हेंही वाचकांनीं ऐकावें. 2014 सालीं इराकांत लढाई पेटली, तेव्हां तिक्रित शहरीं 46 भारतीय परिचारिका अडकून पडल्या. 5 जुलै रोजीं त्या सुखरूप कोचीस परतल्या. त्यांतील कित्येकींस घरचें कर्ज फिटलें नसल्यानें परत येण्याचीही भीति वाटत होती. पुढच्याच वर्षीं कुवेतच्या भरतींत, 19,500 रुपये घ्यावयाचे तेथें दर परिचारिकेकडून 19 लाख 50 हजार रुपये उकळल्याचा आरोप केरळांतील एका भरती-संस्थेवर ठेवण्यांत आला. म्हणजे बरोबर शंभरपट ! आपल्याकडे कोरडवाहू जमिनींत सोयाबीन व तूर पिकविणारा बाप एवढी रक्कम शेत गहाण ठेवल्यावांचून कोठून आणणार ? आणि मुलीचे पहिलीं कांहीं वर्षांचे पगार जर व्याजांतच गेले, तर ती परदेशीं गेली काय अन् न गेली काय !

म्हणून पैशाविषयीं कांहीं गोष्टी पक्क्या ध्यानांत धराव्या. 1983 च्या परदेशगमन कायद्याखालीं केलेल्या नियमांनीं भरती-संस्थेच्या मोबदल्यास मर्यादा घातली आहे. तो 30,000 रुपये व त्यावरील कर यांहून अधिक नसावा. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेतांच येत नाहींत, आणि जर्मन सरकारच्या ‘ट्रिपल विन’ योजनेंतही परिचारिकेकडून भरतीचें शुल्क घेत नाहींत. संस्था नोंदलेली आहे कीं नाहीं, हें भारत सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतें. जो पावती देत नाहीं, जो रोख रकमेचाच आग्रह धरतो, आणि जो ‘आजच ठरवा, उद्यां जागा जाईल’ अशी घाई करतो, त्यास घराचा उंबरठा ओलांडूं देऊं नये.

सही करण्यापूर्वीं करारपत्राचा प्रत्येक शब्द वाचावा; न कळल्यास जाणत्याकडून समजून घ्यावा. पगार किती, कामाचे तास किती, राहण्याची सोय कोणाची, सुटी व परतीचें भाडें मिळेल काय, आणि मुदतीआधीं नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे पांच प्रश्न चुकूं नयेत. करारपत्राची व पासपोर्टाची एक प्रत घरीं आईवडिलांजवळ ठेवावी. परदेशीं पोंचल्यावर पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यांत देऊं नये, आणि आपल्या वकिलातीचा पत्ता जवळ बाळगावा. संकट आल्यास तक्रार करण्यासाठीं परराष्ट्र मंत्रालयाचें ‘मदद’ नांवाचें संकेतस्थळ 2015 सालापासून आहे.

पहिले सहा महिने कठीण जातात, हें आधींच सांगून ठेवणें बरें. हिंवाळ्यांत दुपारीं चार वाजतांच काळोख पडणारे देश आहेत. तेथें ज्वारीची भाकरी नाहीं, दारावर हांक मारणारी शेजारीण नाहीं, आणि घरीं पहांट होते तेव्हां मुलगी रात्रपाळीवर असते. तेथील रुग्णालयाच्या चालीही निराळ्या. आपल्याकडे रोग्याजवळ त्याचे नातलग असतात, व त्याला भरविणें-पुसणें तेच करतात; तेथें तें सारें परिचारिकेचें काम आहे, आणि त्यांत कमीपणा नाहीं. आपल्याकडे वरिष्ठांपुढें गप्प राहणें हा विनय समजतात. तेथें डॉक्टरची चूक दिसूनही गप्प राहिल्यास तो दोष समजतात. हें शिकण्यास वेळ लागतो. या काळांत घरच्यांनीं ‘पैसे केव्हां पाठवतेस ?’ याच्या आधीं ‘जेवलीस का ?’ हें विचारावें, एवढीच आमची विनंती.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणें योग्य होणार नाहीं. सारींच गेलीं, तर येथें कोण राहील ? आपला जिल्हा 1998 सालीं अकोल्यापासून वेगळा झाला, आणि 2018 सालीं केंद्र सरकारनें विकासासाठीं निवडलेल्या महाराष्ट्रांतील चार मागास जिल्ह्यांत त्याचें नांव आलें. येथील बाळंतिणीला व तापानें फणफणलेल्या लेंकरालाही परिचारिका हवीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें 2010 सालीं एक संहिता स्वीकारून श्रीमंत देशांस बजावलें आहे कीं, दुर्बळ देशांचीं रुग्णालयें ओस पाडून आपलीं भरूं नयेत. तरी ज्या मुलीच्या पगारावर धाकट्या भावंडांचें शिक्षण अवलंबून आहे, तिला ‘जाऊं नको’ असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. जी राहील तिनें आपण मागें पडलों असें मानूं नये, व जी जाईल तिनें आपण सुटलों असें मानूं नये. कांहीं वर्षांनीं अधिक शिकून परत येणारी परिचारिका आपल्या जिल्ह्यांतील पुढच्या मुलींची शिक्षिका होऊं शकते.

विद्यार्थिनींनो, तुम्हांस या वाटेनें जावयाचें असेल, तर तिचा आरंभ विमानतळावर होत नाहीं. तो आजच्या इंग्रजीच्या धड्यांत, गणिताच्या वहींत आणि घरांतील आजारी माणसाच्या उशाशीं होतो. पालकांनो, मुलीस पाठवावयाचें ठरविलें, तर तिच्या पायांत कर्जाची बेडी घालून पाठवूं नका. आणि न पाठवावयाचें ठरविलें, तर तें तिच्याशीं बोलून ठरवा. निर्णय तिच्या आयुष्याचा आहे.