डोहांतील मासे आणि सरोवरांतील मासे

सेमाडोह या गांवाच्या नांवांतच डोह आहे. मेळघाटांतील या कोरकू मुलुखांतून सिपना नदी तापीकडे जाते. उन्हाळ्यांत तिचा प्रवाह तुटतो, वाळू आणि खडक उघडे पडतात, आणि मधूनमधून खोल डोह तेवढे उरतात. सगळी नदीच जणूं त्यांत गोळा होते. काठच्या खडकावर स्वस्थ बसलें तर नितळ पाण्यांत मासे दिसतात. परंतु वरून पाहणाराला माशाची पाठ तेवढी दिसते, त्याचा संसार दिसत नाहीं.

तो पाहावयाचा तर पाण्यांतच उतरावें लागतें. आफ्रिकेंतील मलावी सरोवरांत पाणबुड्यांनीं तसें केलें आहे. सुमारें 580 किलोमीटर लांब आणि 700 मीटरांपर्यंत खोल अशा या सरोवरांत सिक्लिड कुळांतील माशांच्या शेकडो जाती आहेत, आणि त्यांतील बहुतेक जगांत अन्यत्र कोठेंही नाहींत. पाणबुड्या खडकाजवळ निश्चल राहिला, म्हणजे मासे त्याची फारशी पर्वा करीत नाहींत. नर आपल्या खडकाची राखण करतो, त्यावरचें शेवाळ खरवडून खातो, शेजारी जवळ आला कीं त्याला हुसकून लावतो. मादी अंडीं तोंडांत घेऊन सुमारें तीन आठवडे वावरते. (याच कुळांतील तिलापिया 1952 सालीं भारतांत आणला गेला. त्याचीं पिलें भय वाटतांच पुन्हा आईच्या तोंडांत शिरतात.)

खडकांत राहणारे यांतील पुष्कळ मासे मधली उघडी वाळू ओलांडीत नाहींत. त्यामुळें एका खडकाळ किनाऱ्यावरचे मासे दुसऱ्या किनाऱ्यावरच्यांत मिसळत नाहींत, आणि हजारों पिढ्यांनीं त्यांच्या जाती निराळ्या होतात.

मग सिपनेचे डोह तरी वेगळे कोठें आहेत? वैशाखांत तेही एकमेकांपासून तुटलेलेच असतात. फरक आहे तो पावसाळ्याचा. मलावींतील दुरावा हजारों वर्षांचा, सिपनेंतील कांहीं महिन्यांचा. आषाढाचा पूर सगळे डोह एक करून टाकतो, आणि मासे पुन्हा एकमेकांत मिसळतात. डोहागणिक निराळी जात होण्यास सवडच मिळत नाहीं.

म्हणूनच उन्हाळ्यांतील डोह म्हणजे सबंध नदीचें बियाणें होय. अशा वेळीं त्यांत कोणी मासे मारण्यासाठीं विष कालविलें, तर लहानथोर सारेच मरतात. पुरानें नदी जोडली कीं वरच्या डोहांतले मासे अशा रिकाम्या डोहांत उतरतात. मात्र वरचा डोह तोंवर जिवंत राहिलेला असला पाहिजे.