कामगार महासंघाने बाजू का बदलली?
कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड करणारा कायदा अमेरिकेत १९८६ मध्ये झाला, तेव्हा एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाचा त्याला पाठिंबा होता. स्वस्त मजूर आले की पगार पडतात, हा हिशेब. घडले भलतेच. भरतीच्या वेळी कागदांकडे काणाडोळा करणारा मालक, कामगार युनियनची कार्डे भरू लागले की तेच कागद तपासायला काढी. हकालपट्टीच्या धाकाने माणसे गप्प बसत आणि शेजारी राबणाऱ्या अमेरिकन कामगाराचाही पगार अडे. कायद्याचा हा सर्वांत क्रूर परिणाम म्हणायला हवा. फेब्रुवारी २००० मध्ये महासंघाने भूमिका बदलली: दंडाची तरतूद रद्द करा, या कामगारांना कायदेशीर दर्जा द्या. २००७ च्या स्थलांतर सुधारणा विधेयकातल्या तात्पुरत्या परदेशी मजुरांच्या योजनेला मात्र त्याने विरोध केला. कारण ज्याचा व्हिसा मालकाच्या मर्जीवर आहे, तो माणूस हक्क मागू शकत नाही.