पाकीट न फोडता जंतू मारायचे कसे?

भोरच्या नाहीतर वेल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायची पाळी आली, की रडण्याआधी एक काम करा. सिस्टर सिरिंजचं पाकीट फोडणार, इतक्यात ते जरा बघायला मागा. एका बारक्या चौकटीत इंग्रजीत ‘स्टराइल’ आणि शेजारी ‘ईओ’ किंवा नुसतं ‘आर’ छापलेलं दिसेल. ‘ईओ’ असेल तर आतले जंतू एका वायूने मारलेत. ‘आर’ असेल तर मात्र मजा आहे! सिरिंज पाकिटात घातली, पाकीट पक्कं चिकटवलं, पाकिटं खोक्यात भरली, खोकं बंद केलं आणि त्यानंतर आतले जंतू मारले. तेही खोकं न उघडता.

कसे बरं? उकळून? छे, तापवलं तर प्लॅस्टिकची सिरिंज वाकडी व्हायची. हे काम बहुतेकदा करतात गॅमा किरण. काचेतून ऊन आत यावं, तसे ते पुठ्ठ्यातून, प्लॅस्टिकमधून आरपार जातात. वाटेत जंतू भेटला की त्याच्या डीएनएचे तुकडे पाडतात. मग त्याला वाढता येत नाही, पिल्लावळही वाढवता येत नाही. किरण पुढे निघून जातात आणि सिरिंजमध्ये काहीच उरत नाही. ती किरणोत्सारी होत नाही, कारण सिरिंजच्या अणूंची केंद्रकं बदलण्याएवढी ताकद या किरणांत नसते.

आपल्या देशात हे काम 1974 मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘आयसोमेड’ या कारखान्यात सुरू झालं. अशा कारखान्याचा जीव असतो कोबाल्ट-60. साधा कोबाल्ट धातू अणुभट्टीत ठेवून तो तयार करतात आणि स्टीलच्या नळ्यांमध्ये बंद करतात. काम नसतं तेव्हा या नळ्या साधारण सहा मीटर खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. पाणी किरणांना अडवतं. आणि त्या वेळी पाण्यात निळाशार उजेड दिसतो! काम सुरू झालं की नळ्यांची चौकट वर येते आणि खोकी तिच्याभोवती फिरत राहतात. खोलीच्या भिंती दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या असतात. आत जायची वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवतात. किरण सरळ रेषेत जातात, त्यामुळे भिंतींवर आपटून आपटून ते दुबळे होतात.

खरी कसरत आहे किरणांच्या मात्रेची. ती ग्रे या एककात मोजतात. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून 60 ते 90 ग्रे पुरतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला 400 ग्रे. सिरिंजला मात्र तब्बल 25,000! मात्रा कमी पडली तर जंतू जगतात. जास्त झाली तर काच तपकिरी पडते आणि काही प्लॅस्टिक ठिसूळ होतं. गंमत म्हणजे विजेच्या वायरीवरचं पॉलिथिन याच किरणांनी उलट मजबूत होतं, मग ते तापलं तरी वितळत नाही. त्यासाठी बऱ्याचदा इलेक्ट्रॉनचा झोत वापरतात. तो बटण दाबून बंद करता येतो, पण जाड खोक्याच्या आतपर्यंत पोचत नाही.

कोबाल्टला असं बटणच नाही. खोकी येवोत न येवोत, तो आपला किरण सोडत राहतो आणि दर वर्षी साधारण 12 टक्क्यांनी दुबळा होतो. सव्वापाच वर्षांत निम्मा! नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला 2002 मध्ये कांद्यासाठी ‘कृषक’ हे केंद्र उभं राहिलं. पण कांद्यावर किरण सोडायचे ते तो काढल्यावर, मोजक्या आठवड्यांतच. बाकीचे महिने काय करायचं? 2007 मध्ये तिथूनच आंबे अमेरिकेला जाऊ लागले, तेव्हा त्या कोबाल्टला आणखी एक काम मिळालं. मला हे फार आवडतं.

आता आपल्या भोर-वेल्ह्याच्या इंद्रायणी तांदळाकडे या. पावसाळी दमट हवेत त्यात सोंडकिडे होतात. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा अगदी धड दिसतो! गॅमा किरण मात्र दाण्याच्या आत शिरून ती अंडीही निकामी करू शकतात. फक्त एक अडचण आहे. किरण मागे काहीच ठेवत नाहीत, म्हणजे पहारा करायलाही कोणी उरत नाही. साध्या पोत्यात तांदूळ ठेवला तर बाहेरचा नवा सोंडकिडा खुशाल आत येतो. म्हणून आधी कीड शिरणार नाही अशी पिशवी घ्यायची, ती बंद करायची आणि मगच तिच्यावर किरण सोडायचे.