नोवोलिप्की रस्त्याखालचे दप्तर

डब्यांच्या सांध्यांना डाख दिलेला नव्हता. त्यामुळे १८ सप्टेंबर १९४६ रोजी वॉर्सॉच्या नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या ढिगाऱ्याखालून पत्र्याचे दहा डबे वर आले, तेव्हा चार वर्षे पाणी पिऊन आतले कागद फुगले होते. शाई पसरलेली, बुरशी चढलेली, छायाचित्रे खराब झालेली. मुळात डबे शोधणे हेच मोठे कर्मकठीण काम होते. ज्यूंना कोंडून ठेवलेल्या इथल्या वस्तीत १९४३ साली उठाव झाला, आणि त्यानंतर जर्मनांनी ती घरामागून घर जाळून, सुरुंग लावून सपाट केली होती. रस्ता कुठून जात होता हेही ओळखू येत नव्हते. कुठे खणायचे ते सांगू शकणारा माणूस एकच उरला होता, हर्श वासर. आणि ‘खणाच’ म्हणून सगळ्यांच्या मागे लागलेली एक बाई होती, राखेल आउएरबाख. हे कागद जमवणाऱ्या पन्नास-साठ जणांच्या एका गुप्त मंडळातले हे दोघे आणि वासरची पत्नी ब्लूमा, एवढेच युद्धातून वाचले होते.

त्या मंडळाचे नाव ‘ओयनेग शाबेस’, म्हणजे शब्बाथचा आनंद. बैठका शनिवारी होत म्हणून हे नाव, आणि कुणाच्या कानावर पडले तरी संशय येऊ नये म्हणूनही.

मंडळ उभे केले एमानुएल रिंगेलब्लुमने. गॅलिशियातल्या बुचाच गावी १९०० साली जन्मलेला हा माणूस पेशाने इतिहासकार होता. वॉर्सॉच्या मध्ययुगीन ज्यू समाजावर त्याने १९२७ साली डॉक्टरेट मिळवली. राजकारणाने डावा, आणि स्वभावाने कार्यकर्ता. जर्मनीने १९३८ साली हजारो पोलिश ज्यूंना सरहद्दीवर आणून सोडले, तेव्हा झ्बोन्शिन या गावी मदतकार्य उभारणाऱ्यांत तो होता. ऑगस्ट १९३९ मध्ये तो जिनिव्हाच्या झायनवादी परिषदेला गेला होता. युद्ध तोंडावर आले असताना परदेशात राहून जाणे त्याला अवघड नव्हते. तो वॉर्सॉला परतला आणि ऑक्टोबरपासून टिपणे लिहू लागला.

नाझी संहाराच्या काळातले व्यक्तिगत लेखन म्हटले की आपल्याकडे ॲन फ्रँकची डायरी आठवते, आणि थोड्या लोकांना ‘द पियानिस्ट’ चित्रपटामागचे श्पिलमानचे आत्मकथन. श्पिलमानने लिहिले ते युद्धातून वाचल्यानंतर. पुस्तक आले १९४६ साली. शेवट ठाऊक असलेल्या माणसाचे ते लेखन आहे. ॲनची डायरी रोजची असली, तरी मार्च १९४४ मध्ये लंडनहून डच मंत्र्याने रोजनिशा आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले, ते ऐकून तिने ती स्वतःच नव्याने लिहायला घेतली होती. रिंगेलब्लुमला हवे होते ते याहून निराळे. घटना ताजी असतानाच ती टिपायची, कारण पुढे आणखी भयंकर काही घडले की आजचे दुःख माणसाला क्षुल्लक वाटू लागते आणि तो ते सांगतच नाही. आणि एकट्याच्या नजरेने भागत नाही. एकाच प्रसंगाविषयी रब्बी, कामगार, दुकानदार, शाळकरी पोर यांनी लिहावे असा त्याचा आग्रह होता. माझ्या मते या दप्तराचे मोठेपण या शिस्तीत आहे. हालअपेष्टांच्या कहाण्या पुष्कळ ठिकाणी जपल्या गेल्या. उपासमारीत बसून संशोधनाचा आराखडा कागदावर मांडल्याची उदाहरणे फारच थोडी.

वस्तीच्या वेशी १६ नोव्हेंबर १९४० रोजी बंद झाल्या. मंडळाची पहिली बैठक त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ तारखेला भरली. साडेतीन चौरस किलोमीटरही नसलेल्या जागेत चार लाखांहून जास्त माणसे कोंबलेली. १९४१ साली ज्यूंना ठरवून दिलेला शिधा दिवसाला दोनशे कॅलरींच्याही खाली होता. रिंगेलब्लुम ‘आलेनहिल्फ’ या स्वसाहाय्य संस्थेत काम करत होता. अन्नछत्रे, निर्वासितांचे निवारे, इमारतींच्या समित्या, सगळ्यांशी तिचा संबंध येई. या जाळ्याआडच दप्तराचे काम चाले. लिहिणाऱ्यांना पोटापाण्यापुरते काही मिळावे हेही तिथूनच पाहिले जाई. चिटणीस वासर. बऱ्याच कागदांच्या नकला केल्या जात, एक प्रत गेली तर दुसरी उरावी म्हणून. ज्यू प्रशासन मंडळाला मात्र या कामाचा पत्ता लागू दिला नव्हता.

विषयांच्या याद्या आणि प्रश्नावल्या तयार होत: स्त्रिया, तरुण, मुले, लाचलुचपत, पोल आणि ज्यू यांचे संबंध, गावोगावहून हाकलून आणलेल्यांच्या हकिकती. ‘युद्धाची अडीच वर्षे’ असा मोठा ग्रंथ सिद्ध करण्याचा बेत होता. त्यासाठी सेत्सिल्या स्वापाकोवा हिने वस्तीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या: कुणी शिवणकाम करून घर चालवते आहे, कुणी चोरटा माल आणते आहे. रब्बी शिमोन हुबेरबांद धार्मिक जीवनावर लिहीत होता. अर्थतज्ज्ञ मेनाखेम लिंडर आकडे गोळा करत होता. एप्रिल १९४२च्या एका रात्री जर्मनांनी निवडक माणसांना घरातून ओढून गोळ्या घातल्या, त्यांत तोही गेला. राखेल आउएरबाख लेश्नो रस्त्यावरचे एक अन्नछत्र चालवत असे, आणि तिने लिहिले त्याच अन्नछत्राविषयी. वाडगाभर सूप देऊन माणूस वाचत नाही, फक्त त्याचे मरण लांबते, ही बोच तिने लपवली नाही.

मला यांतला सर्वांत जवळचा वाटतो पेरेत्स ओपोचिन्स्की. तो वस्तीतला पोस्टमन होता, आणि यिडिश वार्ताहर. पत्रे वाटायला जिने चढायचा, दारात उभा राहून ऐकायचा, रात्री लिहायचा. भिंतीवरून पोती कशी येतात, कोण किती कमावतो, पहारेकऱ्याला काय द्यावे लागते, हे सारे त्याने लिहून ठेवले. एका इमारतीच्या समितीतली भांडणे त्याने अशी लिहिली आहेत की माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. सुखवस्तू बिऱ्हाडे वर्गणी देताना कशी टाळाटाळ करतात हेही त्यात आहे. हुतात्म्यांची चित्रे रंगवायची नाहीत, हा या मंडळाचा दंडक होता. ज्यू पोलिसांच्या क्रौर्याबद्दल सर्वांत कडक शब्द खुद्द रिंगेलब्लुमच्या टिपणांत सापडतात. पुढे कुणी या लेखनावर पक्षपाताचा आरोप करील तर त्याला हे कागद दाखवावेत.

१९४२च्या आरंभी कामाचा रंगच पालटला. खेल्म्नो येथे डिसेंबर १९४१ पासून विषारी वायूच्या मोटारगाड्यांत माणसे मारली जात होती. तिथे प्रेते पुरण्याच्या कामाला जुंपलेला ‘श्लामेक’ नावाने ओळखला जाणारा तरुण जानेवारीत निसटून वॉर्सॉला पोचला. वासर पती-पत्नीने त्याची जबानी उतरवून घेतली. मग मंडळाने त्याला झामोश्च गावी लपायला पाठवले. तिथून त्याने बेउझेत्सच्या मारणछावणीची खबर कळवली, आणि एप्रिलमध्ये त्याच छावणीत तो मारला गेला. अशा जबान्यांवरून तयार झालेले अहवाल पोलिश भूमिगत चळवळीकडे गेले, तिथून लंडनला. २६ जून १९४२ रोजी बीबीसीने पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी दिली. आपण कामगिरी पार पाडली, असे समाधान रिंगेलब्लुमने टिपणात नोंदवले. जग हलेल अशी त्याची समजूत होती.

पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, त्रेब्लिंका मारणछावणीच्या गाड्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे नेली गेली. ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत शिक्षक इझ्राएल लिख्टेनश्टाइन याने दोन तरुण पोरांना, दाविद ग्राबेर आणि नाखुम ग्झिवाच यांना, हाताशी धरून डबे शाळेत पुरले. बाहेर धरपकड चालू असताना तिघांनी आपापली मृत्युपत्रे लिहून आत टाकली. ग्राबेर एकोणीस वर्षांचा, ग्झिवाच अठराचा. लिख्टेनश्टाइनला स्वतःसाठी काही नको होते. पत्नी गेला सेक्श्टाइन आणि वीस महिन्यांची मुलगी मार्गोलित यांची आठवण राहावी, एवढेच मागणे. गेला चित्रकार होती. तिची सुमारे तीनशे चित्रे त्या डब्यांत होती, आणि ती टिकली.

दुसरा साठा फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच जागी दुधाच्या दोन कॅनमध्ये घालून पुरला. तो १ डिसेंबर १९५० रोजी सापडला, आणि त्यातले कागद बरेच चांगल्या स्थितीत होते. त्यात त्रेब्लिंकाहून पळून आलेल्या आब्राहाम क्शेपित्स्कीची जबानी आहे. ती राखेलने लिहून घेतली होती. शिक्षक आब्राहाम लेविनची रोजनिशीही या दप्तराने जपली. १२ ऑगस्ट १९४२ रोजी त्याची पत्नी लुबा पकडली गेली, आणि तरीही तो लिहीत राहिला. ही नोंद मी सलग वाचू शकलो नाही.

तिसरा साठा श्व्येन्तोयेर्स्का रस्त्यावरच्या ब्रशच्या कारखान्याच्या आवारात पुरला असे म्हणतात. त्या जागी आता चिनी वकिलात आहे. तो साठा अद्याप मिळालेला नाही.

रिंगेलब्लुम एप्रिल १९४३ मध्ये पकडला जाऊन त्राव्निकी छावणीत गेला. तिथून त्याला सोडवून वॉर्सॉत परत आणले गेले. पत्नी, मुलगा उरी आणि तीसहून अधिक माणसांसोबत तो एका माळ्याच्या काचघराखालच्या भुयारात लपला. तिथेही त्याचे लिहिणे चालूच होते: पोल आणि ज्यू यांच्या संबंधांवरचा त्याचा दीर्घ निबंध याच भुयारातला. मार्च १९४४ मध्ये भुयाराचा सुगावा लागला आणि सर्वांना गोळ्या घातल्या गेल्या. आसरा देणारा माळी मिएचिस्वाव वोल्स्की हाही त्यात मारला गेला.

दप्तरात एकूण सुमारे ३५,००० पाने आहेत, यिडिश, पोलिश, हिब्रू आणि जर्मन भाषांतली. त्यांत शिधापत्रिका आहेत, ट्रामची तिकिटे आहेत, नाटकांची निमंत्रणे आहेत, चॉकलेटची वेष्टनेही आहेत. १९९९ साली युनेस्कोने या दप्तराचा ‘जगाची स्मृती’ यादीत समावेश केला. ते वॉर्सॉच्या ज्यू इतिहास संस्थेत आहे. आलेनहिल्फचे कार्यालय याच इमारतीत होते. तिथे २०१७ पासून कायमचे प्रदर्शन मांडले आहे, आणि कागदांच्या प्रतिमा इंटरनेटवरही पाहता येतात. सॅम्युएल कॅसो या अमेरिकन इतिहासकाराने या मंडळावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००७ साली आला. वाचकाने सुरुवात तिथून करावी. आणि मराठी अनुवादकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती: रिंगेलब्लुम नंतर घ्या, आधी पोस्टमन ओपोचिन्स्कीचे चार-पाच लेख मराठीत आणा.